अनवाणी नवसातली चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. तशी आम्ही जोडीची, डावी आणि उजवी. पण डावी मुळात अबोल, आणि जे घडलं ते उजव्या पायाला घडलं, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. मित्रांनो, चपलेनं आपली कहाणी सांगावी हा कुणाला आगाऊपणा वाटेल. पायातली वहाण पायातच बरी, हे मीही पहिल्या टाक्यापासून ऐकत आले आहे. तरी सांगते, कारण मला एका गोष्टीची शरम वाटते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विट्याजवळच्या एका खेड्यात नानासोंनी मला शिवलं. गिऱ्हाईक होते आकाराम हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले. साखरेच्या आजारानं त्यांचे तळपाय बधिर झाले होते. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळायचं नाही. एकदा एकाच पायात चप्पल घालून ते सगळा बाजार करून आले आणि गावानं आठवडाभर त्यांची टर उडवली. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं की घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही. मग नानासोंनी जुन्या वर्तमानपत्रावर त्यांचा पाय ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला. खाली टायर, वर मऊ स्पंज, बोटांवरून दोन रुंद पट्टे आणि टाचेमागून एक.

"हवालदार, आता ही तुमास्नी सोडून जायाची न्हाई," नानासो म्हणाले. ते ऐकून मी फुगले. आपल्यावाचून या माणसाचं पाऊल पडणार नाही, हा ताठा मला त्या दिवशी चढला तो चढलाच.

तीन वर्षं मी इमानानं चाकरी केली. उसाच्या पाटावर, दूध डेअरीत, एसटी स्टँडवर, सगळीकडे मी होते. देवळात तेवढी मी बाहेर. त्याचं दुःख नव्हतं, ती आमच्या जातीची रीतच आहे.

गेल्या वर्षी हवालदारांची बायको राहीबाई आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि चार दिवस ती शुद्धीवर आली नाही. हवालदार मला अतिदक्षता विभागाच्या दाराशी काढून ठेवत आणि काचेतून आत बघत उभे राहत. चौथ्या दिवशी त्यांनी काचेलाच हात जोडले. "यमाई, माझी राही घरला येऊ दे. मी अनवाणी चालत औंधाला येतो." हे फक्त आम्ही दोघींनी ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला. देवीला द्यायला माणसाकडे काय थोडं असतं? नेमकं मलाच का वगळलं?

राहीबाई घरी आली. नवसाचं कळल्यावर मात्र ती कडाडली, "आवं, डाक्टरांनी काय सांगितलंय? मला इचारून नवस बोलला व्हय तुमी?"

"देवीला दिल्याला शबूद हाय," हवालदार म्हणाले. "फिरवला आन् तुला काय झालं तर?"

नवस मोडला, तर ज्याच्यासाठी नवस, तेच देवी परत घेते, अशी हवालदारांची पक्की समजूत होती.

नवरात्रात ते निघाले. दोन दिवसांची चाल. राहीबाई आणि सून राजेश्वरी दुसऱ्या दिवशी एसटीनं औंधात पोचणार होत्या, आणि परतताना सगळे मिळून एसटीनंच येणार होते. त्या परतीसाठी मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकलं होतं. निघताना राजेश्वरीनं सासऱ्यांच्या उघड्या पायांचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. दिवसभर पिशवीतला फोन किणकिणत राहिला. गावचे लोक, फौजेतले दोस्त, सगळे कौतुक करत होते. ज्या पायांना मी तीन वर्षं जपलं, त्यांचं नाव गाजत होतं आणि मी टॉवेलात घुसमटत होते.

दुसऱ्या दिवशी पुसेसावळी मागे पडली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. हवालदार पाणी प्यायला एका बाभळीखाली थांबले आणि सहज मागे वळून बघतात, तर रस्त्यावर लाल ठिपके. एका पावलाआड एक. आधी त्यांना वाटलं, कुणाच्या तरी शेळीला लागलं असेल. मग त्यांनी उजवा पाय वर करून पाहिला. तळव्यात काच रुतली होती. केव्हा रुतली, त्यांना पत्ताच नव्हता.

त्यांनी काच उपटली, रक्त पुसलं. त्यांच्या पलटणीतल्या मानसिंगांचा पाय अशाच एका जखमेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. मिरजेला त्यांना बघायला गेलो तेव्हा मीही पायात होते. हवालदारांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. कुणी नव्हतं. मग त्यांनी पिशवी उघडली.

मित्रांनो, माझा गुन्हा इथलाच. त्यांनी मला पायात घातलं तेव्हा मला त्यांच्या जखमेचं वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. शेवटी माझ्यावाचून अडलं ना, असंच मनात आलं. वर ते दर चार पावलांना पुटपुटत होते, "आई, मला काय बी कर, पर राहीला नगं." आणि खाली मी ऐटीत चालले होते. आजही ते आठवलं की माझे पट्टे आकसतात.

औंधाच्या अलीकडे उसाच्या आडोशाला त्यांनी मला काढलं आणि पुन्हा पिशवीत लपवलं. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहीबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. राजेश्वरीनं चार लोकांना सांगून ठेवलेलं, त्यामुळे बघ्यांची गर्दी झाली होती. "एवढ्या वयात अनवाणी! शेवटी फौजी माणूस!" कुणी म्हणालं. हवालदार मान खाली घालून दगडावर बसले. पिशवीची चेन अर्धी उघडी होती. त्या फटीतून मी सगळं पाहिलं.

राहीबाईनं पाय धुवायला त्यांचा डावा पाय हातात घेतला आणि तिचा हात थबकला. पाऊल धुळीनं माखलं होतं. फक्त बोटांवर दोन आणि टाचेवर एक, असे घासून स्वच्छ झालेले पट्टे उमटले होते. आमचे पट्टे! आधी आम्ही त्यांना नवस मोडायला साथ दिली, आणि आता चुगलीही आम्हीच केली.

राहीबाईनं वर पाहिलं. हवालदारांनी नजर चुकवली. तिनं भडाभडा पाणी ओतलं आणि कुणाला दिसायच्या आत दोन्ही पाय चोळून काढले. हवालदारांचा चेहरा त्यानं जास्तच उतरला. बायको आपलं पाप हातानं झाकते आहे, हे त्यांना सोसवेना.

तेवढ्यात गर्दीतून धोंडुबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. कडेवर तापानं मलूल झालेली नात. "दादा, एवढं चालून आलायसा, तुमच्या पायात देवीचं बळ आसंल. ह्या पायाचं पाणी माझ्या सोनियाच्या कपाळाला लावते." ती खाली वाकली.

हवालदारांनी चटका बसल्यासारखे पाय मागं घेतले. "नगं, मावशी! ह्या पायात चप्पल व्हती. भ्यालो मी. रगत बघून भ्यालो आन् चप्पल घातली. पोरीला ह्यातलं काय बी लावू नगा."

कुणीतरी हसलं. राजेश्वरीनं फोन खाली केला. धोंडुबाई नातीला घेऊन पायऱ्यांकडे निघून गेली.

"संपलं," हवालदार म्हणाले. "आता देवी तुला न्हेती बघ, राही. माझ्या भ्याडपणापायी."

"मला न्ह्यायचं आसतं तर मिरजंतनंच न्हेलं आसतं," राहीबाई म्हणाली. "तुमच्या पायाच्या कातड्यावर नजर ठेवून बसली न्हाई ती. रगत कसलं म्हणालासा? दावा."

तिनं उजवा पाय उलटा करून मांडीवर घेतला. जखम दिसली आणि तिचे डोळे भरून आले. "देवीची भीती वाटली, लोकांची लाज वाटली. माझी वाटली न्हाई? तुमचा पाय गेल्यावर ह्या जगण्याला मी काय तोंड दावू?" तिनं पदराची कड फाडून तळवा बांधला आणि पिशवीतून मला बाहेर काढलं. "घाला."

"राही, लोक बघत्यात."

"बघू द्या."

भर गर्दीत, यमाईच्या पायथ्याशी, तिनं मला आपल्या हातानं त्यांच्या पायात घातलं आणि टाचेमागचा पट्टा नीट बसला का ते बोटानं चाचपून पाहिलं. वर ती आणि राजेश्वरीच गेल्या. मला घालून पायरी चढायला हवालदार तयार होईनात आणि मला काढायची राहीबाईची परवानगी नव्हती. दोन दिवस चालून आलेला तो माणूस खालीच, इतरांच्या चपलांच्या ढिगाजवळ बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासोबत कुणी देवळाबाहेर थांबलं होतं. मला ते भूषण वाटलं नाही. मान वर करून त्या डोंगराकडे बघायचीही मला लाज वाटली.

जखम भरायला तीन महिने लागले. पाय वाचला. राहीबाईही ठणठणीत आहे आणि रोज सकाळी नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा तपासते. माझा स्पंज आता बसला आहे, एक पट्टा दोनदा शिवून झाला आहे. मी फार दिवस टिकणार नाही, त्याची तक्रारही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजोबा, आजी, आई असतील, तर त्यांच्या पाया पडून नुसते पळू नका. ज्यांनी तुमच्यासाठी पाय झिजवले, त्यांचे तळवेही कधी उलटून बघा. दुखतंय असं ते आपणहून सांगणार नाहीत, काहींना तर ते कळतही नसेल. त्यासाठी खाली बसायची लाज वाटली, तर ती माझ्याजवळ दाराबाहेर काढून ठेवा आणि मग आत जा.