आडवी खुर्ची

आमच्या गल्लीचा इतिहास कुणी विचारला तर मी आधी माणूस बघतो. गळ्यात कॅमेरा असला तर सांगतो, इथे राजाची पागा होती, माझ्या दुकानात पांढरी घोडी बांधायचे. वहीत लिहून घेणारा असला तर समुद्री चाचे उतरवतो. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, पण अजून एकानंही हटकलेलं नाही.

खरं सांगायचं तर ही स्टेशनकडे जायची वाट. गाव सोडून निघालेली माणसं इथूनच जायची, म्हणून कुणा शहाण्यानं पत्र्याच्या ट्रंका मांडल्या. त्याला चिकटून कुलूपवाला बसला, त्याला चिकटून ट्रंकेवर नावं रंगवणारा. पुढे ट्रंका गेल्या, बॅगा आल्या. बॅगांना चेनी आल्या, आणि चेनी बिघडायला लागल्यावर चेनकाका आले. त्यांच्या शेजारी माझं बटणं-हुकांचं दुकान. मधे नुसती फळी. ते शिंकले की माझी बटणं नाचायची.

गल्लीत एक रीत आहे. दुकानातून उठून जायचं असेल तर शटर ओढायचं नाही, उंबऱ्यात खुर्ची आडवी टाकायची. म्हणजे दुकान चालू, माणूस येतोय. तोवर गिऱ्हाईक शेजाऱ्यानं सांभाळायचं. खुर्ची आडवी आहे तोवर त्या दुकानाचा सौदा कुणी करत नाही. ट्रंकवाल्यांच्या काळापासून हे चालू आहे, आणि यात माझी एकही थाप नाही.

आठ महिन्यांपूर्वी काका जिन्यावरून घसरले. त्यांची मुलगी, आमची ताई, त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. जाताना त्यांनी खुर्ची आडवी टाकली. मला म्हणाले, "चार दिवसांत येतो. माझ्या पकडींना हात लावू नकोस."

ते चार दिवस मी आठ महिने सांभाळले. रोज सकाळी त्यांचं शटर वर करायचं, खुर्ची पुसायची, परत आडवी. अधूनमधून आवाज बदलून फोन करायचा. कधी लष्करातला सुभेदार, कधी नवरीची मावशी. "तुमच्याशिवाय आमच्या बॅगेला कुणी हात लावायचा नाही." काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सुभेदारसाहेब, बटणवाल्याला सांगा, दुपारी जरा झोपत जा."

मग एक दिवस ताईचा फोन आला. "मामा, मंगळवारी बाबांना घेऊन येते. दुकान मोबाइलच्या कव्हरवालीला द्यायचं ठरलंय. पण बाबांनी स्वतः खुर्ची उचलल्याशिवाय ती सौदा पुरा करणार नाही म्हणते."

फोन ठेवला आणि फळीला कान लावून बसलो. तिकडून शिंक काही आली नाही.

मग डोकं चालवलं. काका दारात उतरले आणि समोर कामाचा ढीग दिसला, तर हा माणूस हलणार नाही, याची मला खात्री. एकदा काकूंनी जेवायला बोलावलं तर म्हणाले होते, "एवढी चेन होऊ दे," आणि संध्याकाळी जेवले होते. म्हणून गल्लीभर फिरलो.

"बॅग दे."

"कशाला?" शिवणवाली वहिनी म्हणाली.

"मोडायची आहे."

"तुमची ती डोक्याची चेन आधी बघा." असं म्हणून तिनं बॅग दिलीच. कुलूपवाल्यानं दोन दिल्या. घरी बायकोची माहेरी न्यायची बॅग उचलली, तेव्हा ती म्हणाली, "हिला काही झालं तर मी इथेच राहीन, आणि ती शिक्षा तुम्हाला होईल."

अकरा जमल्या. काकांचीच पकड घेतली आणि एकेक रनर फाकवला. रनर म्हणजे चेनवर सरकतं ते डोकं. ते जरा फाकलं की मागचे दात उघडेच राहतात. मग सगळ्यांचा ढीग काकांच्या स्टुलापुढे रचला.

मंगळवारी काका आले. हातात काठी, पॅन्ट सैल झालेली. मी तोंड पाडून म्हटलं, "बघा काय अवस्था आहे. लोक रडतायत."

काका खुर्चीला वळसा घालून आत गेले आणि आपल्या स्टुलावर बसले. पहिली बॅग मांडीवर घेतली, रनर चाचपला. मग दुसरी, मग तिसरी. बाहेर शिवणवाली, कुलूपवाला, दोन बॅगवाले, सगळे उगाच उभे. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"बटणवाल्या," काका म्हणाले, "गल्लीत साथ आली काय रे?"

"कसली?"

"सगळ्यांचे रनर डावीकडूनच फाकलेत. रनर झिजला की दोन्हीकडून झिजतो. नुसता डावीकडून तेव्हाच फाकतो, जेव्हा एखादा डावखुरा गाढव पकड उलटी धरतो." त्यांनी रनर उजेडात धरला. "आणि ही तुटक्या दाताची खूण माझ्या पकडीची आहे. तुला हात लावू नको म्हटलं होतं."

गल्ली फिदीफिदी हसली. कुलूपवाला म्हणाला, "मी तर म्हटलंच होतं याला." एका अक्षरानंही म्हटलं नव्हतं.

पण काकांनी पकड घेतली. रनर दाबायचा, चेन ओढून बघायची, परत दाबायचा. हे काम मी फळीपलीकडून वीस वर्षं नुसतं ऐकलंय. टक, सर्र, टक. त्या दिवशी टक आणि सर्र यांच्या मधे फार वेळ जात होता. पाचव्या बॅगेला पकड सटकली. सहावीला बोट चिमटलं. आठवीला त्यांनी दोन्ही हातांनी पकड धरली आणि तरी टोक रनरवर बसेना. हसणारे एकेक करून आपापल्या दुकानात गेले.

काकांनी पकड माझ्यापुढे धरली. "उरलेल्या तू कर. तूच मोडल्यात ना."

"मला येत नाही."

"मोडायला येतं ना? मग तेच उलट."

ते सांगत गेले, मी दाबत गेलो. जोरात नको. टोकाला धर. आता सोड. शेवटची बॅग बायकोची होती. तिची चेन लागली तेव्हा काका म्हणाले, "बरी झालीये. सुभेदारसाहेबांना कळव."

ताई गाडी घेऊन आली. काका उठले, उंबऱ्यातली खुर्ची उचलली आणि आत भिंतीला सरळ लावली. माझ्याकडची किल्ली मागून घेतली आणि ताईच्या हातात दिली. गाडीपर्यंत मी त्यांना हात धरून नेलं.

"काका, राहा ना," मी म्हटलं.

ते थांबले. ताई थांबली. वहिनी दारातून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून काही निघालं की सगळे पुढच्या वाक्याची वाट बघतात, आज कुणाची टोपी उडतेय म्हणून.

"पुढे?" काकांनी विचारलं.

"पुढे काही नाही. राहा."

काकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला तिकडे रोज सकाळी हात रिकामे वाटतात," ते म्हणाले. "वाटलं होतं, इथे आलो की भरतील. पण बघितलंस ना तू."

"बघितलं."

"मग?"

मी वळून माझी पायरी बाहीनं पुसली.

काकांनी ताईला सांगितलं, "गाडीवाल्याला दहा मिनिटं थांबव." आम्ही दोघं माझ्या पायरीवर बसलो. स्टेशनकडे जाणारी माणसं समोरून बॅगा ओढत जात होती. काका प्रत्येक बॅगेची चेन बघत होते, आणि कुठली किती दिवस टिकेल ते मला हळू आवाजात सांगत होते. निळी, दोन महिने. ती हिरवी, आजच जाईल. मी ऐकत होतो. अकराव्या मिनिटाला गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.