गुलाबीच्या आतला रंग

आमच्या गावच्या दफनभूमीत दगडावरची नावं कुणी वाचत बसत नाही. लांबूनच रंग दिसतो आणि काय ते कळतं. पांढरं थडगं बापाचं, फिरोजी आईचं, आणि लग्नाआधी गेलेल्या पोरीचं गुलाबी. म्हणून इसिद्रो गवंड्याने भर बाजारात, टोमॅटोच्या ढिगाशेजारी उभं राहून विचारलं, "नान सेबास्तियाना, मिकाएलाच्या थडग्याचं बांधकाम वाळलं बघा. रंग कोणता द्यायचा?" तेव्हा आसपासच्या बायांचे हात टोमॅटोवरच थांबले. (वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने नान म्हणतो आणि बाप्याला तात.)

सेबास्तियानाच्या पाठीवर शालीत बांधलेली तान्ही लोरेंसा झोपली होती. "घरी विचारून सांगते," ती म्हणाली आणि टोमॅटो न घेताच निघाली. मागे कुजबुज सुरू झालीच. गाव तोंडावर काही बोलत नसलं तरी त्याचे डोळे काही मिटलेले नव्हते.

मिकाएला तिची एकुलती एक पोर. राजधानीत एका घरी धुणीभांडी करायची. परत आली ती पोट घेऊन. कुणाचं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाप पास्कुआल म्हणजे संताच्या मिरवणुकीचा मानकरी, चांदीचा दांडा धरून सगळ्यांच्या पुढे चालणारा. त्याने पोरीला मागच्या खोलीत ठेवलं आणि बायकोला म्हणाला, तू पोटाला कापड गुंडाळ, उतारवयात दिवस गेले म्हणून सांग. तिने गुंडाळलं. वेळ आली तेव्हा बाळ धडधाकट निघालं, पण मिकाएलाचं रक्त काही थांबेना. सुईणीने हात टेकले. मिकाएलाने आईचं मनगट धरलं होतं. "आई, मोठी झाली की तिला सांगशील ना, मी तिची कोण ते?"

"सांगेन गं. शपथ."

गावाला सांगितलं, पोरगी तापाने गेली. आणि चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं ते सेबास्तियानाची लेक म्हणून.

त्या संध्याकाळी चुलीपाशी तिने विषय काढला.

"गुलाबी," पास्कुआल म्हणाला. त्याने ताटातून मान वर केली नाही.

"अहो, ती आई होती."

"घटकाभर."

"घटकाभर का होईना, होती ना?"

"मग लोरेंसा कोण? दे फिरोजी, आणि बस गावभर सांगत. माझा दांडा गेला तर जाऊ दे. उद्या त्या पोरीला बिनबापाची म्हणतील, ते ऐकायला तू जाणार आहेस शाळेत?" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले आणि पुन्हा म्हणाला, "गुलाबी."

पास्कुआल वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. पण भित्र्या माणसाचा मान सांभाळता सांभाळता घरच्यांचा जीव जातो.

दुसऱ्या दिवशी सेबास्तियाना दफनभूमीत गेली. इसिद्रो झाडाखाली पाय पसरून बसला होता.

"तात इसिद्रो, गुलाबी द्या."

"बरं."

"पण आधी आतून फिरोजी. तो वाळला की वरून गुलाबी."

इसिद्रो हसला. "थडग्याला आतून परकर घालायचा म्हणता?"

"तसंच समजा. आणि हसू नका."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. बाजारात ओरडून विचारणारा हाच तो माणूस, पण ही गोष्ट मात्र त्याने पोटात ठेवली. फिरोजी हात फिरत होता तोवर सेबास्तियाना समोर बसून राहिली. ओला रंग उन्हात चमकत होता. पोरीला तिचं देणं मिळालं असं तिला वाटलं, आणि थोड्याच वेळाने ते गुलाबीखाली गेलं. वरचा रंग पावसाने उडेल, तोवर पोर मोठी होईल, मग आपण सांगू, असा तिने मनाशी हिशेब केला.

पण रंग उडायला आम्ही वेळ देतो कुठे? दरवर्षी सर्व संतांच्या सणाआधी गाव डबे आणि कुंचले घेऊन निघतं आणि आपापली थडगी नवी करतं. पास्कुआल न चुकता गुलाबी डबा आणायचा.

लोरेंसा बोबडं बोलत होती तेव्हाच तो गेला. त्याला पांढरा रंग मिळाला, त्यासाठी कुणाला काही विचारावं लागलं नाही. आता सेबास्तियानाला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. दांडा दुसऱ्याच्या हातात गेला होता. तरी त्या वर्षी ती म्हणाली, पोर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणाली, नुकती शाळेत जायला लागली आहे. त्याच्या पुढच्या वर्षी तिने स्वतःला काही सांगितलंच नाही, गुपचूप गुलाबी डबा घेतला.

खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. मिकाएला गेली तेव्हा घरातली 'आई' ही हाक गेली होती. ती या पोरीच्या तोंडून परत आली होती. सकाळी उठल्याबरोबर आई, ठेच लागली की आई, झोपेत आई. ती हाक सोडवेना. मेलेल्या लेकीला दिलेला शब्द एकीकडे, आणि जिवंत पोरीची हाक दुसरीकडे. ती गुलाबीचे दोन-दोन हात द्यायला लागली. आधी खरवडायचं असतं हे तिला माहीत होतं, पण तिने कधी पात्याला हात लावला नाही. रंगावर रंग चढत गेला.

लोरेंसा नऊ वर्षांची झाली, त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी दोघी झेंडूची फुलं, धूप आणि गुळात शिजवलेला भोपळा घेऊन गेल्या. सेबास्तियाना नळावरून पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा लोरेंसा शेजारच्यांचं पातं मागून आणून थडगं खरवडत बसली होती.

"अगं, कुणी सांगितलं तुला हे?"

"सगळेच खरवडतात, आई. आपलंच नुसतं जाड होत चाललंय, पापुद्रे निघतायत बघ." पोरीने हाताने एक मोठा पापुद्रा ओढला. "आणि हे बघ ना, आत फिरोजी आहे!"

हातभर फिरोजी उघडा पडला होता. ऊन न लागलेला तो रंग इसिद्रोने काल दिल्यासारखा ताजा होता. सेबास्तियानाने बादली खाली ठेवली.

"आई, ताईला फिरोजी कसा काय?"

"गवंड्याची चूक," सेबास्तियाना म्हणाली. उत्तर इतकं चटकन आलं की तिची तिलाच लाज वाटली. "मग वरून गुलाबी दिला."

लोरेंसाला गंमत वाटली. ती खुदकन हसली. "म्हणजे आपली ताई थोडा वेळ चुकून आई झाली होती!" आणि तिने गुलाबीत कुंचला बुडवला. "थांब, मीच झाकते ते."

कुंचला थडग्याला टेकायच्या आत सेबास्तियानाने तिचं मनगट धरलं. मिकाएलाने तिचं धरलं होतं, तसंच घट्ट.

"आई, दुखतंय."

"चूक नव्हती ती," सेबास्तियाना म्हणाली. "ती आईच होती. तुझी."

मग तिने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, पोटाला गुंडाळलेल्या कापडासकट सांगितलं. शेजारच्या थडग्यांवर रंगवणारी माणसं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. लोरेंसा रडली नाही. कुंचल्यावरून गुलाबी रंग तिच्या पायावर ठिबकत राहिला, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने पातं उचललं आणि उरलेलं गुलाबी खरवडायला घेतलं. सेबास्तियाना दुसऱ्या बाजूने नखांनी पापुद्रे काढू लागली. अंधार पडायच्या आत थडगं सगळं फिरोजी झालं, ओरखड्यांचं, डागाळलेलं, पण लांबून ओळखू येईल असं.

लोरेंसाने झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, भोपळ्याचा वाडगा ठेवला आणि थडग्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई."

चढावर सेबास्तियानाला धाप लागली, तेव्हा पोरीने तिचा हात धरला. घर येईपर्यंत धरून ठेवला. पण वाटेत तिला हाक मात्र एकदाही मारली नाही.