पाच निळ्या डांगऱ्या

मी एक जुनं हातमशीन आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिलाईच्या मशीनला कसली आली आहे भीती? सुई मोडेल, दोरा गुंतेल, फार तर गंज चढेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण लंडनच्या बरमंडसी भागात, सरकारी घरांच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी जे दिवस काढले, ते आठवले की आजही माझं चाक जागच्या जागी घट्ट होतं.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यातला. ओतीव लोखंडाचं अंग, काळा चकचकीत रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि डोक्यावर लाकडी झाकण. माझी पुढची मालकीण आयव्ही, तिच्या आईने मला विकत घेतलं. युद्धात विमानं बॉम्ब टाकायची, तेव्हा उजेड बाहेर दिसू नये म्हणून तिने साऱ्या गल्लीच्या खिडक्यांचे काळे पडदे माझ्यावर शिवले. आयव्हीचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर तिच्या सासरी, पार्गेटरांच्या घरी आले.

आयव्ही मला जपायची. दर शनिवारी तेलाचे थेंब, मऊ फडक्याने पुसणं, नवी सुई. गोदीतल्या कामगारांच्या पँटी, नवऱ्या मुलींचे झगे, शाळेचे कोट, सगळं आमच्या हातून जायचं. "आयव्हीची टीप म्हणजे कापड फाटेल, पण टीप उसवायची नाही," असं बायका म्हणत आणि मी मनातल्या मनात फुलून जात असे.

तिचा नवरा लेन ट्रक चालवायचा. माणूस मऊ. कुणालाही नाही म्हणणं त्याला जमत नसे. एकदा त्याच्या ट्रकची ताडपत्री शिवताना कापडात राहिलेली टाचणी माझ्यात अडकली. कापड पुढे सरकवणारे जे बारीक दाते असतात, त्यातल्या एकाचा टवका उडाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टिपेशेजारी केसासारखा एक ओरखडा उमटू लागला. गिऱ्हाइकाला तो दिसत नसे. आयव्ही म्हणाली, "असू दे गं, म्हातारपणी कुणाचा दात पडत नाही?"

लेनला नाही म्हणता येत नसे, म्हणूनच एके दिवशी मॉरिस क्रॅनली आमच्या घरात आला. उंची कोट, पॉलिश केलेली नखं, बोलणं अगदी हळू. गल्लीतले दुकानदार त्याला पाहून उभे राहत. त्याच्यामागे डिकी नावाचा त्याचा माणूस दाराला टेकून उभा होता.

"आयव्ही, पोरी," क्रॅनली म्हणाला, "पाच डांगऱ्या शिवून हव्यात, बाह्यांच्या, अंगभर. निळ्या. विमानतळावरचे हमाल घालतात ना, तशा."

"कुणासाठी?"

"नाटक बसवतोय आम्ही."

डिकी हसला. लेन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"कसलं नाटक?" आयव्हीने विचारलं.

"तू शिवायचं, पोरी. विचारायचं काम आमच्याकडे ठेव."

मापं द्यायला ते पाच जण घरी आले. लेन होता, डिकी होता, दोघे मुखदुर्बळ भाऊ होते आणि टेड बिग्स नावाचा एक भलामोठा गडी होता. टेप पोटाभोवती पुरेना, तेव्हा टेड म्हणाला, "पोटाकडे जरा सैल ठेव गं. ईल माशाची जेली आणि बटाटे सुटत नाहीत मला." आयव्ही हसली. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

पुढे काय झालं ते मला वर्तमानपत्रातून कळलं, कारण आयव्ही ते माझ्याच पाठीवर पसरून वाचायची. हमालांच्या वेशातल्या पाच जणांनी विमानतळाच्या मालगोदामातून सोन्याच्या विटा पळवल्या होत्या. गोदामाचा पहारेकरी ऑल्डरिज नावाचा म्हातारा. त्याच्या डोक्यात लोखंडी सळई घातली होती. तो बेशुद्ध होता. वर त्याचा फोटो, गळ्यात बायकोने विणलेला मफलर.

"तू मारलंस?" आयव्हीने विचारलं.

"मी गाडीत होतो गं," लेन म्हणाला. "डिकीने मारलं. मी फक्त आवाज ऐकला."

मित्रांनो, माझं हृदय लोखंडाचं आहे, पण मला माझ्याच टिपा डोळ्यांसमोर दिसू लागल्या. सळई उगारणाऱ्या त्या हातावरच्या बाहीची शिवण माझी होती.

म्हातारा ऑल्डरिज शुद्धीवर आलाच नाही. तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी टेड बिग्स दारूच्या गुत्त्यात बसून सगळ्यांसमोर रडला. "मी असा नाही, मी असा नाही," म्हणत राहिला. आठवड्याच्या आत त्याचं प्रेत थेम्स नदीत तरंगताना सापडलं. अंत्ययात्रेला फुलांचं सगळ्यात मोठं चक्र क्रॅनलीने पाठवलं. पांढऱ्या लिली. आयव्ही जाऊन आली आणि टोपीसुद्धा न काढता माझ्यासमोर बसून राहिली. ज्या छातीचं माप तिने घेतलं होतं, ती आता मातीखाली होती.

मग भीती आमच्या घरात राहायलाच आली. जिन्यावर पाऊल वाजलं की आयव्हीचा हात माझ्या चाकावर थांबे. गिऱ्हाइकं कमी झाली, कारण ती दारच उघडेना. माझ्यात तेल पडेना. लेन कामावर जाईना, नुसता खिडकीच्या पडद्याआड उभा राही.

एका संध्याकाळी क्रॅनली पुन्हा आला. आयव्हीने चहा दिला. त्याने त्यात साखर टाकली आणि बराच वेळ ढवळत बसला.

"ह्या मूर्ख भावांनी एक डांगरी नीट जाळली नाही," तो म्हणाला. "अर्धी राहिली, पोलिसांना सापडली. पोलिसांत आपला एक माणूस आहे, त्याने सांगितलं. टिपेशेजारी ओरखडा आहे म्हणे. ज्या मशीनवर शिवलंय, ते मिळालं की ओळखू येईल."

बोलता बोलता त्याने आपलं पॉलिश केलेलं नख माझ्या दात्यांवरून फिरवलं. टवका उडालेल्या दात्यावर ते अडलं. तो थांबला. मला वाटलं, आता माझी सुई आपोआप खाली पडेल आणि ह्या बोटात घुसेल. पण मशीनला कुणीतरी चालवावं लागतं.

"उद्या दुपारी डिकी येईल," तो म्हणाला. "मशीन त्याच्याकडे दे. नदी खोल आहे. तुला नवं घेऊन देतो, विजेवरचं."

तो गेल्यावर लेन म्हणाला, "देऊन टाकू. मिटेल सगळं."

"लेन, मशीन गेल्यावर कोण राहतं?"

"म्हणजे?"

"मशीन आपोआप चाललं का? चालवलं मी. टेडला फुलं पाठवली त्याने, मलाही पाठवेल. तुला विचारून रंग निवडेल."

लेन खाली बसला. आयव्ही माझ्यावर झाकण घालायला आली. तिने कडी लावली आणि दोनदा ओढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खालच्या मजल्यावरच्या फ्लोकडून बाळाची जुनी प्रॅम, म्हणजे बाबागाडी, मागून आणली. आमच्याकडच्या बायका कपडे धुवायला सार्वजनिक धोबीखान्यात प्रॅममधूनच नेत. तिने मला आत ठेवलं आणि वर चादरी, उशांचे अभ्रे, लेनचे शर्ट रचले. मला अंधाराखेरीज काही दिसेना.

दारात लेनचा आवाज आला. "कुठे चाललीस?"

"पोलीस चौकीत."

"तिथे त्याचा माणूस आहे."

"एकच आहे ना? मी सगळ्यांसमोर बोलेन."

"मला किती वर्षं होतील गं?"

"माहीत नाही. तू गाडीत होतास ते सांगेन."

मग मी हवेत उचलली गेले. लेनने प्रॅमची पुढची चाकं धरली होती. एकेक पायरी उतरत ती दोघं मला खाली घेऊन आली. "मी येत नाही," तो म्हणाला. "माझे पाय चालणार नाहीत. मी वर बसतो. पोलीस आले की घरीच असेन."

बाजार भरला होता. कोबीचा, व्हिनेगरचा, माशांचा वास चादरीतून आत येत होता. प्रॅमचं एक चाक करकरत होतं आणि मला वाटत होतं, सारं बरमंडसी ते ऐकतंय. एकाएकी आम्ही थांबलो.

"काय गं आयव्ही?" तो डिकीचा आवाज होता. "सकाळी सकाळी?"

"फ्लो आजारी आहे. तिचे कपडे धुवायला नेतेय."

"जड दिसतंय."

"सहा जणांचं घर आहे तिचं."

वरची चादर सरकली. उजेड आत आला. डिकीची बोटं लेनच्या शर्टात घुसली आणि माझ्या झाकणापासून वीतभर अंतरावर आली. तेवढ्यात शेजारची मासेवाली खणखणीत आवाजात म्हणाली, "ए डिकी, बायकांचे आतले कपडे उपसतोस होय रे भर बाजारात? तुझ्या आईला सांगू का?"

आजूबाजूचे सगळे हसले. "माझेही घेऊन जा, आठवडाभर धुतले नाहीत," दुसरी म्हणाली. पुन्हा हसू. डिकीने हात मागे घेतला. "दुपारी येतो," तो पुटपुटला.

धोबीखान्याला डावीकडे वळावं लागे आणि पोलीस चौकीला उजवीकडे. वळण आलं, तसा आयव्हीचा श्वास मला ऐकू येऊ लागला. ती उजवीकडे वळली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून बूट वाजू लागले. आधी चालणारे, मग धावणारे. आयव्हीही धावू लागली. मी आत आपटत होते, झाकणाची कडी निघाली, माझ्या चाकाचा दांडा वाकला. फुटपाथच्या कडेला प्रॅम अडली. तिने दात आवळून ती वर ओढली. पुढे चौकीच्या पायऱ्या होत्या आणि मला उचलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

दारातून एक तरुण शिपाई बाहेर आला. "बाई, प्रॅम इथे लावता येत नाही."

"मग आत घ्या, साहेब," आयव्ही म्हणाली. "मागचा तो पोरगा पोचण्याआधी आत घ्या."

शिपायाने मागे पाहिलं. डिकी रस्त्याच्या मध्यावर उभा होता. त्याने टोपी सारखी केली आणि तो उलट्या पावली गर्दीत मिसळला.

आतल्या दालनात खूप माणसं होती. कुणी हरवलेल्या कुत्र्याची तक्रार द्यायला आलेलं, कुणी परवान्यासाठी. आयव्हीने चादरी जमिनीवर टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विमानतळाच्या चोरीतल्या डांगऱ्या ह्या मशीनवर मी शिवल्या. मला मॉरिस क्रॅनलीने सांगितलं. आता लिहून घ्या." कुत्रेवाली बाई बाकावर सरकली आणि तिने आयव्हीला बसायला जागा दिली.

लेन पोलिसांना घरीच सापडला, चहाचा कप समोर ठेवून. न्यायालयात मी टेबलावर होते. तज्ज्ञाने माझ्यावर कापडाचा तुकडा शिवून दाखवला, तेव्हा क्रॅनलीने माझ्याकडे नाही, आयव्हीकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला जन्मठेप झाली तरी ते हसू मावळलं नाही. त्या हसण्यामुळेच तिला लंडन सोडावं लागलं. तिला दुसरं नाव दिलं, दुसऱ्या गावी पाठवलं. गाव कुठलं, ते तुरुंगातल्या लेनलाही सांगितलं नाही.

मला पुरावा म्हणून गळ्यात चिठ्ठी बांधून पोलिसांच्या तळघरात ठेवलं. तिथे मी किती वर्षं गंजले कोण जाणे. पुढे भंगारात गेले. आता मी कपड्यांच्या एका चकचकीत दुकानाच्या काचेत, माझ्यासारख्या कितीतरी मशीनांबरोबर शोभेसाठी मांडलेली आहे. आम्हा कुणाच्याच अंगात सुई नाही. माझा दांडा अजून वाकडा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी झाकून ठेवलेलं मशीन असेल तर त्याला थोडं तेल द्या, चाक फिरवा, एखादी उशी तरी शिवा. कुणी काम देऊन "विचारू नकोस" म्हणालं तर जरूर विचारा. आणि मशीनवर बसणारं माणूस एकाएकी गप्प झालं, दारावरच्या टकटकीने दचकू लागलं, तर त्याच्याजवळ बसा. त्या दिवसांत आयव्हीजवळ बसायला मी होते, पण मला बोलता येत नव्हतं.

आयव्हीची खबर मला कधीच मिळाली नाही. काचेसमोर माणसं तिच्याविषयी चुकूनसुद्धा बोलत नाहीत, कुणाला तिचं नाव ठाऊक नाही. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. आता मला वाटतं, लपवणाऱ्यांनी तिला चांगलं लपवलं.