माझ्या वाटचं खोकं

"हिची शिवण पार ओठापर्यंत गेलीय. बाद!" असं म्हणत यांनी आणखी एक बाटली भंगाराच्या पोत्यात टाकली.

आमच्या यांनी जन्मभर पंप दुरुस्त केले आणि सुट्टीच्या दिवशी जुने उकिरडे खणले. कोणे एके काळी लोकांनी फेकून दिलेल्या बाटल्या उकरून घरी आणायच्या, हा यांचा छंद. हे खड्ड्यात उतरायचे, मी वर बसून माती चाळायची. घरी आल्यावर एकेका बाटलीत वाळू-पाणी घालून खळखळवत बसायचं, तेही मीच. आता घर विकून आम्ही मुलाकडे राहायला निघालो होतो. सुनेनं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "आई, जागा कमी आहे हो. दोघांनी एकेक खोकं आणा, बाकी इथे सगळं आहे."

म्हणून निवड चालली होती. साच्याची शिवण मानेखालीच थांबली असेल, तर तोंड हातानं घडवलेलं, म्हणजे बाटली जुनी. ती ठेवायची. मान वाकडी असली, काचेत बुडबुडा असला, तर यांना जास्तच प्रेम. "बघ, कशी गोड वाकलीय!" भाजीत मीठ किंचित जास्त झालं की ताट सरकवणारा हा माणूस! मी बाटलीच्याच जन्माला यायला हवं होतं.

मग यांच्या हाती शाईची हिरवट, बुटकी दौत आली.

"ही पण भंगार."

"ती राहू द्या. ती मला सापडलीय."

"तुला? कधी?"

"चाळणीत आली होती. तुम्ही खाली होतात."

"माती मीच खणलेली ना?" असं म्हणून यांनी ती पोत्यात टाकली. फुटली नाही, एवढंच नशीब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सवयीनं पुढची बाटली यांच्या हातात दिली.

यांचं खोकं भरलं, तरी बाटल्या उरल्याच. "तुझ्या खोक्यात काय काय भरलंयस? जरा जागा कर."

माझं खोकं रिकामं होतं. सकाळपासून मी घरभर फिरत होते. भांडी संसाराची, कपाट संसाराचं, फोटो मुलानं आधीच नेलेले. माझं म्हणावं असं हाताला काही लागेना. इतकी वर्षं राबून खोकंभरसुद्धा आपलं काही नाही, याचं रडू आलं आणि रडण्याची लाजही वाटली.

मी उठले. पोत्यातून दौत काढली, खोक्यात ठेवली, झाकण लावून दोरी बांधली.

यांनी खोकं उचलून पाहिलं. आत दौत या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेली.

"अगं, हे तर रिकामंच आहे! वेड लागलंय का? एवढी जागा वाया चाललीय!"

"जाऊ दे वाया," मी म्हटलं आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.