घळीतून वर आलेला तवा

मी एक जुना तवा आहे. पण मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातला समजू नका. मला चुलीवरून उतरवायचं म्हटलं तर चार धट्टेकट्टे गडी लागतात आणि तेही वाटेत एकमेकांवर खेकसतात.

जन्माने मी तवा नव्हेच. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावरच्या एका उसाच्या मळ्यात रस आटवायची मोठी काहील होती, तिचा मी तळ. मळा बंद पडला, काहील फुटली. एका लोहाराने तिचा तळ कापला, ठोकून सपाट केला आणि बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे कालिनागो लोकांच्या वस्तीतल्या एका नव्या नवरीला दिला. असा मी गोड रसातून उठलो आणि कडू कंदाच्या घरी नांदायला आलो.

कंद म्हणजे कसावा. तुमचा साबुदाणा ज्याचा होतो तोच. आमच्या उतारावर मात्र त्याची कडू जात लावतात आणि तिच्या रसात विष असतं. कंद सोलायचा, किसायचा, वेताच्या लांब पिशवीत भरून पिळायचा, कीस चाळायचा आणि माझ्यावर पसरून भाजायचा. मग विष जातं आणि कुरकुरीत भाकरी उरते. ती कितीतरी दिवस टिकते. हे सगळं करताना बायका इतक्या गप्पा मारतात की वस्तीतलं एकही लग्न मला आधी कळल्याशिवाय ठरलेलं नाही.

त्या नवरीची नात क्लोतिल. आता तीच म्हातारी झाली आहे आणि लहानथोर तिला मा क्लोतिल म्हणतात. भाकरी उलटताना ती माझ्याशी बोलायची. "आज नीट ताप हं, पाहुणे यायचेत." मी तापायचो. पाहुणे भाकरीची वाहवा करायचे, मा ऐट मिरवायची आणि जाता जाता माझी कड थोपटायची. तेवढं मला पुरायचं.

पुढे शहरातून पावाची गाडी येऊ लागली. माचे गुडघे धरले. तिची सून ऑरेलिया शिवणकामाला जायची, तिला किसायला वेळ कुठला? मला कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवलं. एक तांबडी कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालायची. कामाला आलो म्हणायचं तर एवढंच.

माने एक रीत मात्र सोडली नव्हती. मोठ्या वादळाची बातमी आली की ती कोयता घेऊन शेतात जायची आणि कसाव्याचे शेंडे छाटायची. वाऱ्याला धरायला शेंडाच नसला तर झाड उपटत नाही, कंद मातीत शाबूत राहतो. पण छाटल्यावर कंद वाढायचा थांबतो, तो लवकर काढावा लागतो. एका वर्षी तिचं ऐकून साऱ्या वस्तीने छाटणी केली आणि वादळ ऐन वेळी समुद्राकडे वळलं! बोटाएवढे कंद हाती आले. लोक हे विसरले नाहीत.

म्हणूनच त्या सप्टेंबरात रेडिओवर वादळ वाजू लागलं तेव्हा कोयता घेतलेली मा एकटीच निघाली. शेजारचा बेनवा कुंपणावरून ओरडला, "काय मा, यंदा वाऱ्याने तुला निरोप धाडलाय की नुसता अंदाज?"

"धाडलाय तर," मा म्हणाली. "म्हणाला, आधी बेनवाचं छप्पर नेतो."

सगळे हसले. बेनवाही हसला, पण छपराची भीती त्याच्या मनात बसली. मा शेतात गेल्यावर तो ऑरेलियाकडे आला.

"वहिनी, तो तवा दे ना छपरावर वजनाला. माझी सासू बसवली असती, पण ती याच्याहून हलकी आहे."

"ने बाबा," ऑरेलिया म्हणाली. "एवीतेवी पडूनच आहे."

मला दोराने बांधून पत्र्यावर चढवलं. दुपारी वारा आला. लोक केव्हाच शाळेच्या पक्क्या इमारतीत गेले होते. पत्र्याची खालची कड थरथरली, मग उचलली, आणि छप्पर मला पाठीवर घेऊन उडालं. घराच्या मागच्या घळीत मी गडगडत गेलो. वरून चिखल आला, त्यावर झाडं.

वादळ सरल्यावर डोंगरावर एक हिरवं पान राहिलं नव्हतं. दरड कोसळून रस्ता तुटला होता. मदतीची होडी तांदूळ देऊन गेली, पण ती परत कधी येईल ते कोणालाच सांगता येईना. लोकांचा कसावा उन्मळून उघड्यावर सडत होता. फक्त माच्या शेतात छाटलेले बुंधे रांगेने उभे होते आणि त्यांच्याखाली कंद जिवंत होते.

"काढा," मा म्हणाली. "सगळ्यांसाठी आहे."

पण भाजायचं कशावर? लहान तव्यावर कीस बाहेरून करपायचा, आत ओला राहायचा. बेनवा म्हणाला, "नुसता उकडला तर?"

"उकडून याचं विष जात नाही. घाई असेल तर पहिला घास तू घे, आम्ही बघत बसतो." मग तिने खुराड्याकडे पाहिलं. "माझा तवा कुठंय?"

ऑरेलियाला रडू फुटलं. बेनवाने मान खाली घालून छपरावरच्या वजनाची हकीकत सांगितली. माने शाळेकडे नजर वळवली. शाळेच्या पायरीवर पोरं कोरडे पेले घेऊन बसली होती. मग ती म्हणाली, "ऑरेलिया, रडायचं नंतर. आधी सोलायला घे. आणि तू रे, छप्परवाल्या, तुझं छप्पर कुठं पडलं ते दाखव."

आमच्याकडे एकाचं अडलं की सगळे धावतात. त्याला कुदमें म्हणतात. ज्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती तेही पहारी घेऊन घळीत उतरले. मी ऐकत होतो. तोंडात चिखल, बोलणार काय? शेवटी बेनवाची पहार माझ्या अंगावर टणकन वाजली.

"हाच! सासूचा आवाज ओळखतो मी!" तो ओरडला आणि हसता हसता रडायला लागला.

होड्यांचे दोर लावून मला वर ओढलं. माझी एक कड फुटली होती. माने वाळूने घासलं, खोबरेल चोळलं आणि हळूच विचारलं, "लागलं का रे फार?" खरं सांगतो, त्या क्षणी विस्तवाशिवायच मी तापलो.

मोडक्या घरांच्या लाकडांवर चूल पेटली. सगळ्या हातांनी किसलं, पिळलं, चाळलं. पहिली भाकरी पोरांनी खाल्ली. मोठ्यांना भाकरी देताना मा प्रत्येकाच्या काखेत छाटलेल्या काड्यांची जुडी खुपसायची. छाटणीच्या दिवशीच तिने त्या काड्या आपल्या खांबांवरच्या घराखाली सावलीत बांधून ठेवल्या होत्या. "खा आणि या लाव. पुढच्या वर्षी माझ्या दारात नको येऊस." येऊ नको म्हणायची आणि आणखी अर्धी भाकरी हातावर ठेवायची. रस्ता मोकळा होईपर्यंत वस्ती माझ्यावर जगली.

पुढे मदत करणारी मंडळी आली. काय हवं, विचारलं तेव्हा लोकांनी घरांच्या जोडीला एक भाकरीघर मागितलं. सर्वांनी मिळून ते बांधलं. बुटक्या भिंती, चारी बाजूंना उतरतं छप्पर, दर वाशाला लोखंडी पट्टी. मधोमध मी.

गेल्या वर्षी पुन्हा वादळाची बातमी आली. या खेपेला सगळी वस्ती कोयते घेऊन निघाली. वादळ वळून गेलं. कंद बोटाएवढेच निघाले. बेनवा कपाळावर हात मारून म्हणाला, "मा, उगाच छाटलं की गं!"

"नाही ना आलं?" मा म्हणाली. "मग बस जेवायला."

आणि त्या बारक्या कंदांची भाकरी सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर हसत खाल्ली.

मित्रांनो, मा आता बाकावर बसून हुकूम सोडते, भाकरी ऑरेलिया उलटते. दर शनिवारी, आभाळ निरभ्र असलं तरी माझ्याखाली चूल पेटते. तुमच्याही गावात संकटात कामी येणारं काहीतरी असेल. एखादी विहीर, एखादा दोर, एखादी म्हातारी. शांत दिवसांत तिच्याकडे जात जा. बोलत जा. मला तर एवढंच हवं आहे की शनिवार चुकू नये.