बधिर जबडा आणि दाव्याची मुदत

बधिर झालेला डावा गाल.

एकाच आडनावाचे दोन पेशंट, एकमेकांशी ओळख नसलेले.

तीन वर्षं.

नणंदेनं वकीलबाईंच्या टेबलावर सांडलेला चहा.

"चहा राहू दे," वकीलबाई म्हणाल्या. "चोरी तुम्हाला कळली कधी, ते सांगा. कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा. नंतर कोर्ट दारातही उभं करत नाही."

दवाखान्यांत पेशंटच्या वेळा लावणारा प्रोग्राम तिनं, म्हणजे वहिनीनं, एकटीनं लिहिला होता. जुन्या भागीदारानं नाव बदलून तो गावभर विकला, हे तिला जाहिरात बघून कळलं. मागच्या महिन्यात.

"मग झालं तर!" नणंद म्हणाली.

"नाही ना. चार वर्षांपूर्वी दाढ काढायला गेले होते, तिथे..."

"वहिनी, आता दाढ कशाला उकरतेस?"

तिथे काउंटरवरचा कॉम्प्युटर अडला होता. एका आडनावाचे दोन पेशंट लागोपाठ आले की तो अडायचाच. गालात बोळा धरून ती उठली, पलीकडे गेली, तीन बटणं एकदम दाबली. सुरू झाला.

"ही युक्ती कुणाला माहीत होती?" वकीलबाईंनी विचारलं.

"मलाच. ती चूक माझीच आहे. काढायची राहून गेली."

"म्हणजे चोरीचा माल फुकट दुरुस्त करून आलात."

"चोराच्या घरी जाऊन कुलपाला तेल घालून आली!" नणंदेनं कपाळावर हात मारला.

"अडलेलं बघवत नाही गं मला."

"आणि तरी कळलं नाही?" वकीलबाई.

"हातांना कळलं असेल. मला... काय माहीत. नाव वेगळं होतं, रंग वेगळा. त्यात ते इंजेक्शन."

"कुणाशी काही बोललात?"

तिला फक्त कापसाची चव आठवली. तेव्हा कळलं असेल आणि नंतर विसरायला झालं असेल, तर ते कळणं धरायचं की नाही? की एकच गोष्ट माणसाला दोनदा कळते?

वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं. "शपथेवर लिहायचंय. कधी?"

"मागच्या महिन्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांबा." मग पुन्हा, "मागच्या महिन्यात."

नणंदेनं रुमालानं टेबलावरचा चहा पुसला.

चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर काउंटरवरच्या बाईंनी आभार मानले, तेव्हा बोळा बाहेर काढून ती म्हणाली होती, "आभार कसले, माझाच प्रोग्राम आहे हा. कुणीतरी ढापलाय."