एकतीस गाई आणि चंपतराव

"मावशी, शेपूट घट्ट धरा. अन् जरा मागं सरका, तुमी फोटोत येऊन राह्यल्या."

चंपतरावाचा डावा हात प्लास्टिकच्या लांब मोज्यासकट, खांद्यापर्यंत, रेणुकाबाईच्या गाईच्या आत होता. वीर्य भरलेली रेतनाची गन गरम राहावी म्हणून पाठीमागे सदऱ्यात खोचली होती. उजव्या हातात उघडा लॅपटॉप होता, आणि तो सावरायला माणसाला तिसरा हात असायला हवा होता. तो नव्हता.

"काऊन रे भाऊ," रेणुकाबाई म्हणाली, "तुह्याजवळ थे पाटीवानी होतं, थे कुठं गेलं? हे काय पोथीवानी उघडून धरलं?"

"टॅब जमा केला मावशी. सात दिवस याची ट्रायल हाय."

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ मंडळात जनावरांना एकोणीस वर्षं कृत्रिम रेतन करणाऱ्या चंपतरावाला दूध संघानं एकच प्रश्न विचारला होता. हा स्वस्त, हलका लॅपटॉप टॅबची जागा घेऊ शकतो का? त्यानं हो म्हटलं, तर जिल्ह्यातल्या बेचाळीस कर्मचाऱ्यांचे टॅब कायमचे जमा होणार होते. एकोणीस वर्षांत संघानं त्याचं मत पहिल्यांदाच मागितलं होतं. त्या दिवशी तो इस्त्री केलेला सदरा घालून संघात गेला, आणि घरी आल्यावर त्यानं मुलीची कोरी वही मागून घेतली. अभिप्राय लिहायला.

टॅबचं काम सोपं होतं. तो बायकोनं, रुख्मिणीनं शिवलेल्या कापडी पट्ट्यानं गळ्यात लटकायचा. डावा हात आत गेला की कोण आहे म्हणून गाय मागे वळून बघते. त्या क्षणी उजव्या अंगठ्यानं फोटो काढायचा. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचे बारा आकडे, सगळं येतं. फोटो काम चालू असतानाच हवा, आधी नाही आणि नंतर नाही, असा नियम होता. कर्मचारी घरी बसूनच गाई भरवल्याचं दाखवतात, असा संघाला संशय होता.

लॅपटॉपचा कॅमेरा मात्र पडद्याच्या वर होता आणि उघडणाऱ्याकडे बघत होता. गाय वळून बघायची तेव्हा लॅपटॉप चंपतरावाकडे बघायचा.

आधी त्यानं लॅपटॉप फिरवून गाईपुढे धरला. मग बटण कुठं आहे ते त्याला दिसेना. "मावशी, हिरवं दिसते थे दाबा," म्हणाला. रेणुकाबाईचा चष्मा घरात होता. तेवढ्यात गाईनं कीबोर्डवरून जीभ फिरवली आणि जातीच्या रकान्यात अकरा अक्षरं उमटली. संघाच्या अ‍ॅपनं ती जात मान्य केली.

दुसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी रागारागानं त्यानं लॅपटॉप सरळ धरून बटण दाबलं. पडद्यावर घामेजलेला, मिशा पिंजारलेला चंपतराव आला. खाली हिरवी खूण उमटली: जनावर ओळखले.

"वळखलं म्हणते," चंपतराव म्हणाला.

"मंग बरं हाय की," रेणुकाबाई म्हणाली. "हापिसात तरी कोन वळखते तुले?"

गाईचा माज संघासाठी थांबत नाही; आजची वेळ गेली की पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस गेले. चंपतरावानं काम केलं. त्या सात दिवसांत अशा एकतीस गाई झाल्या आणि एकतीस वेळा त्याचाच फोटो निघाला. वहीत अकरा अभिप्राय झाले. सातवा होता: 'उन्हात पडदा दिसत नाही, फक्त स्वतःचं तोंड दिसते. ते पाहून काम होत नाही.'

आठव्या दिवशी तो वही घेऊन आदिलाबादला, संघाच्या हापिसात गेला. तिथल्या अधिकारी प्रियदर्शनी मॅडम हैदराबादहून बदलून आल्या होत्या आणि सगळ्यांशी हिंदीत बोलत. शेजारी कॉम्प्युटर बघणारा भूषण बसला होता. भिंतीवर ट्रायलच्या फोटोंचा तक्ता झळकत होता.

"इकतीस में से इकतीस!" मॅडम म्हणाल्या. "टॅब में इतना कभी नहीं आया, चंपतरावजी. हर बार धुँधला फोटो, हिलता हुआ कान."

"मॅडम, वो इकतीस गाय मैं हूँ."

मॅडमनी भूषणकडे पाहिलं.

"काका, सिस्टमनं गाय म्हणून घेतलंय ना," भूषण समजुतीनं म्हणाला.

"अरे पन म्या गाय नाई!"

"ते आपल्याला माहीत आहे. रिपोर्टला थोडंच माहीत आहे?"

चंपतरावाची कानशिलं तापली. त्यानं पिशवीतून नवा मोजा काढून भूषणच्या डाव्या हातात चढवला. "घाल हात त्या कपाटामागं. खांद्यापर्यंत. काढायचा नाई. आता उजव्या हातानं लॅपटॉप उघड."

भूषणनं झाकण उचललं. लॅपटॉप इतका हलका की झाकणासोबत अख्खाच उचलला गेला, आणि आपटला.

"टेबल पे रखके खोलो ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाय के पास टेबल नहीं रहता."

मॅडम म्हणाल्या, "भूषण, लिखो. बयालीस फोल्डिंग टेबल."

भूषणनं लिहिलं, एका हातानं. दुसरा अजून कपाटामागे होता.

चंपतरावानं वही पुढे सरकवली. मॅडमनी ती हळूच बाजूला करून छापील फॉर्म ठेवला. त्यात दोन चौकोन होते. 'होय' आणि 'होय, प्रशिक्षणानंतर'.

"नाई कुठं हाय?"

"दुसऱ्या टप्प्यात आहे," भूषण म्हणाला. "इथं दस्तखत करा, काका."

"नाई करत. तुमी मले इचारलं. सात दिवस गाईच्या मागं उभं राहून म्या जवाब लिहून आनला. थो वाचायचाच नव्हता, तं इचारलं कायले? टेबल घेऊन गोठ्यात जाऊ? गाईले म्हनू, बस बाई, चहा येते?"

मॅडमनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरांत होतं: दस्तखत न केल्यास संमती समजण्यात येईल.

कोपऱ्यातल्या खोक्यात जमा झालेले टॅब होते. चंपतरावानं आपला ओळखला. त्याचा कापडी पट्टा सोडवून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि काचेवरचा शेणाचा वाळका डाग बाहीनं पुसून टॅब परत खोक्यात ठेवला.

"वही ले जाइए," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाईची कालवड माजावर आली. चंपतराव आला. लॅपटॉप त्यानं गव्हाणीच्या कडेवर मिटूनच ठेवला. काम झाल्यावर मोजा उतरवला, हात धुतले आणि चुलीतला विझलेला कोळसा मागितला.

गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर त्यानं कालवडीच्या बिल्ल्याचे बारा आकडे उतरवले. एकेक आकडा कानाशी जाऊन ताडून पाहिला. खाली तारीख घातली. त्याखाली सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

"हे कोन पाहील?" रेणुकाबाईनं विचारलं.

"तुमी पाहा."

रेणुकाबाई घरात जाऊन चष्मा घेऊन आली. भिंतीजवळ उभी राहून तिनं सगळं सावकाश वाचलं. मग कालवडीचं दावं सोडून तिला पलीकडच्या खुंट्याला बांधलं. भिंत चाटायची तिला सवय होती.